बोट हलणारच, पण व्हिडिओ हलू नये म्हणून काय काय करायचं

दिवाळी झाली की निम्मं कोल्हापूर गगनबावड्याचा नायतर फोंड्याचा घाट उतरून मालवण-देवगडला पोचतंय आणि येताना मोबाईल भरून व्हिडिओ आणतंय, पण त्यातला बोटीवरचा कुठलाबी व्हिडिओ टीव्हीवर लावला की घरातली माणसं अर्ध्या मिनिटात उठून जात्यात कारण बघणाऱ्याला गरगरायला लागतंय. लग्नाच्या शूटिंगवाल्या पोरांचं तर अजून वेगळं, हातात चांगलं महागाचं जिम्बल (कॅमेरा मोटरवर तोलून सरळ धरणारा दांडा), मंडपात लोण्यासारखा शॉट येतोय, आणि बोटीवर तेच जिम्बल वेड्यासारखं करतंय. मर्चंट नेव्हीत गेलेले आपल्याकडचे बरेच जण पण विचारत असतात की जहाजाच्या ब्रिजवरनं (जहाज चालवायच्या खोलीतनं) काढलेला व्हिडिओ असा का येतो. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय, जरा लांबड लागंल, चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवा, आणि हे न ठरवताच लोक खर्च करतात: तुम्हाला नक्की काय स्थिर पाहिजे, क्षितिज की बोट? दोन्ही एका वेळी स्थिर राहू शकत नाही कारण बोट क्षितिजाच्या मानानं हलतीयच. कॅमेरा रेलिंगला घट्ट बांधला की बोट एकदम स्थिर दिसणार आणि मागं समुद्र कलंडताना दिसणार, वादळाचा जोर दाखवायचा असंल तर हाच शॉट भारी. उलट जिम्बल किंवा गोप्रो या छोट्या ॲक्शन कॅमेऱ्याचं होरायझन लॉक लावलं की क्षितिज सरळ रेषेत राहतंय आणि बोट, माणसं, टपावरचा झेंडा हे सगळं झुलतंय. डॉल्फिन, लांबचा किल्ला, दुसरी बोट, असलं बाहेरचं काय दाखवायचं असंल तर क्षितिज धरा. बोटीवरचं माणूस बोलताना दाखवायचं असंल, जाळं ओढताना खलाशी दाखवायचे असतील तर बोट धरा. गोंधळ होतो तो अर्धं अर्धं केलं की, फोनमधलं सॉफ्टवेअर थोडा वेळ रेलिंगला धरतंय आणि थोडा वेळ क्षितिजाला, आणि चित्र पोहल्यासारखं सरकत राहतंय. उलटी होती ती त्यानं.

आता हलणं म्हणजे काय काय ते बघू. बोट डावी-उजवीकडं कलंडती त्याला रोल म्हणतात, पुढची नाळ वर-खाली होती तो पिच, तोंड इकडं-तिकडं वळतंय तो यॉ, आणि अख्खी बोट उचलून खाली येती तो हीव्ह. आडवं आणि पुढं-मागं सरकणं पण असतंय पण व्हिडिओत ते फारसं जाणवत नाही. हीव्हचं पण लांबच्या गोष्टीला काही वाटत नाही, म्हणजे तुम्ही १ मीटर वर उचलले गेला तर १०० मीटरवरची बोट चित्रात जेमतेम अर्धा अंश सरकती आणि २ किलोमीटरवरचा किल्ला जवळपास जागेवरच राहतो. त्यामुळं खरा शत्रू फिरणं आहे, सरकणं नाही. रोल आणि पिच आवरले की ९० टक्के काम झालं असं धरून चाला.

आणि ही पुढची गोष्ट डोक्यात पक्की बसवा कारण फुकटची आहे. तुम्ही कुठल्या दिशेला तोंड करून शूट करताय त्यावर तेच हलणं वेगळं दिसतंय. पुढं नाळेकडं कॅमेरा धरला तर रोलमुळं चित्र गोल फिरतंय आणि पिचमुळं क्षितिज वर-खाली होतंय. बाजूला कॅमेरा धरला तर बरोबर उलटं, रोलमुळं क्षितिज वर-खाली पळतंय आणि पिचमुळं चित्र कलंडतंय. छोट्या बोटीत रोल जास्त असतोय, त्यामुळं बाजूला झूम करून शूट करणं सगळ्यात अवघड. डॉल्फिन नेमके बाजूलाच येतात हा त्यांचा प्रॉब्लेम. पण तांडेलाला (बोट चालवणाऱ्याला) विनंती करून बोटीचं तोंड लाटेकडं घेतलं तर रोल एकदम कमी होतोय आणि फक्त पिच उरतोय. आडव्या लाटेवर बोट उभी करून शूट करायला सांगू नका, तो ऐकणार पण नाही.

थोडं गणित करतो, घाबरू नका. समजा बोट दोन्ही बाजूला १० अंश कलंडतीय आणि एक पूर्ण झोका ६ सेकंदाचा आहे. मधल्या बिंदूला बोटीचा फिरण्याचा वेग सेकंदाला साडेदहा अंशाच्या आसपास येतो. फोनचा साधा कॅमेरा आडवा साधारण ६० अंश बघतो आणि फुल एचडीत १९२० पिक्सेल असतात, म्हणजे एका अंशाला ३२ पिक्सेल, म्हणजे बाजूला शूट करताना क्षितिज सेकंदाला ३३५ पिक्सेलच्या वेगानं पळतंय. आता शटर, म्हणजे एका फ्रेमला उजेड किती वेळ आत घ्यायचा ते, जर १/५० सेकंदावर असंल तर एका फ्रेममध्येच चित्र ६ ते ७ पिक्सेल फासलं जातंय. १/५०० केलं तर अर्ध्या-पाऊण पिक्सेलवर येतंय, म्हणजे दिसतच नाही. तीन पट झूम केला की हे सगळे आकडे तिप्पट.

म्हणून पहिलं काम शटर. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांना २५ फ्रेमला १/५० शटर अशी सवय लागलेली असती, हालचाल मऊ दिसती म्हणून, आणि ते उन्हात एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावून ते राखतात. बोटीवर तो फिल्टर काढून खिशात टाका. वाईडला १/५००, झूमला १/१००० किंवा त्याच्या वर. कारण नंतर सॉफ्टवेअरनं हलणं काढता येतं पण फासलेली फ्रेम सुधारत नाही, उलट क्षितिज स्थिर केल्यावर ते फासलेपण जास्त उठून दिसतंय, चित्र जागेवर आहे आणि तरी मधेच धूसर होऊन परत स्वच्छ होतंय, लई विचित्र दिसतंय ते. संध्याकाळी सूर्यास्ताला उजेड कमी झाला की फोन आणि गोप्रो दोन्ही आपोआप शटर हळू करतात, त्यामुळं सूर्यास्ताचे व्हिडिओ सगळ्यात खराब येतात. तिथं आयएसओ (सेन्सरची उजेड पकडायची ताकद) वाढवा, दाणे आलेले परवडले.

मग कंपन. हे लोक विसरतात. डिझेल इंजिन १८०० आरपीएमला फिरत असंल तर ते सेकंदाला ३० फेरे झाले, म्हणजे ३० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतली कंपनं सगळ्या फळ्यांतनं, रेलिंगमधनं येत राहतात. कॅमेऱ्याचा सेन्सर फ्रेम वरनं खाली ओळीओळीनं वाचतो त्यामुळं या कंपनांनी चित्र जेलीसारखं लवलवतंय. शटर वाढवून हे जात नाही, उलट लवलवणं अजून स्पष्ट दिसतंय. इलाज एकच, कंपन कॅमेऱ्यापर्यंत पोचूच द्यायचं नाही. हातात धरलेला कॅमेरा या बाबतीत क्लॅम्पपेक्षा चांगला, कारण आपले कोपरे-गुडघे ते पिऊन टाकतात. डोक्यावर घागर घेऊन चालणारी बाई बघा, खाली पाय खाचखळग्यातनं चाललेत आणि पाणी हिंदकळत नाही, तसं गुडघे ढिले, कोपर शरीराला चिकटवून आणि पाय खांद्याएवढे फाकवून उभं राहायचं. रेलिंगला कंबर टेकवली की ते सगळं गेलं.

उभं कुठं राहायचं? बोट कुठंही उभं राहिलं तरी तेवढेच अंश कलंडती, टपावर पण आणि खाली पण, त्यामुळं मधे उभं राहिल्यानं रोल कमी होतो असं काही नसतंय. पण उंचावर आणि नाळेवर हिसके जास्त बसतात, आपला तोल जातो आणि तुषार पण तिथंच उडतात. म्हणून बोटीच्या मधल्या भागात, जरा मागच्या बाजूला, पण इंजिनच्या बरोबर वर नाही. खाली बसून शूट केलं तर अजून चांगलं. आणि एक हात कायम बोटीसाठी मोकळा, लाईफ जॅकेट घातलेलं, कॅमेऱ्याची दोरी मनगटात, यात काही सूट नाही.

आता यंत्रांकडं येऊ. फोनमधलं ओआयएस म्हणजे लेन्स किंवा सेन्सर छोट्या चुंबकांवर हलवून हाताची थरथर मारायची सोय. तिचा पल्ला फार छोटा, एखाद्या अंशाच्या आसपास, त्यामुळं १० अंशांच्या रोलपुढं तिचं काही चालत नाही. शिवाय सतत कंपन तिला सोसत नाही, ॲपलनं २०२१ मधी स्वतःच सांगितलंय की मोठ्या मोटारसायकलच्या इंजिनच्या कंपनांनी आयफोनचं ओआयएस आणि ऑटोफोकस बिघडू शकतंय. तेव्हा फोन इंजिनजवळच्या पाइपला क्लॅम्प करून दोन-दोन तास टाइमलॅप्स लावू नका.

दुसरं इलेक्ट्रॉनिक, म्हणजे चित्राचा कडेचा भाग राखून ठेवायचा आणि मधली चौकट हलण्याच्या उलट सरकवायची. गोप्रोचं हायपरस्मूथ २०१८ च्या हिरो ७ ब्लॅकपासून आहे आणि २०२२ च्या हिरो ११ ब्लॅकमध्ये पूर्ण ३६० अंशाचं होरायझन लॉक कॅमेऱ्यातच आलं, बोटीसाठी मला हे एक फीचर बाकी सगळ्यापेक्षा जास्त कामाचं वाटतं. आयफोनला १४ पासून ॲक्शन मोड आहे, तो पण चालतो पण त्याला भरपूर उजेड लागतोय. ३६० वाला कॅमेरा असंल तर प्रश्नच मिटला, तो सगळीकडचं चित्र घेतोय त्यामुळं कडा कापायचा विषय नाही, घरी येऊन पाहिजे ती दिशा आणि सरळ क्षितिज काढता येतं. फक्त झूम नाही आणि दोन्ही लेन्स बाहेर आलेल्या असतात, ओरखडा पडला की संपलं.

कडा किती कापल्या जातात याचा हिशोब माहीत असू द्या. १६:९ चं चित्र ५ अंश कलंडलेलं सरळ करायचं तर साधारण १.१५ पट झूम लागतो, १० अंशाला १.३ पट, आणि २० अंशाला १.५५ पट. म्हणजे ४केमध्ये शूट केलं तर २० अंश कलंडलेल्या बोटीतनं पण पूर्ण फुल एचडी निघतंय आणि वर थोडं शिल्लक राहतंय. फुल एचडीमध्येच शूट केलं तर मात्र चित्र ताणून पातळ होणार. म्हणून ४के, वाईड, आणि ज्याच्यावर रोख आहे ती वस्तू चौकटीच्या मधे, कडेला नको. मोबाईल उभा धरून शूट करायचा मोह आवरा.

जिम्बलची गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण आपल्याकडं घरटी एक झालंय. जिम्बलला दोन ज्ञानेंद्रियं असतात. गायरो फिरण्याचा वेग सांगतो, तो लगेच सांगतो पण हळूहळू चुकत जातो. ॲक्सेलरोमीटर खाली कुठं आहे ते गुरुत्वाकर्षणावरनं सांगतो आणि गायरोची चूक दुरुस्त करत राहतो. जमिनीवर ही जोडी झकास चालती. बोटीवर मात्र ॲक्सेलरोमीटर फसतो, कारण त्याला गुरुत्वाकर्षण आणि बोटीचा हिसका यातला फरक कळत नाही. छोटी बोट लाटेच्या उतारावर तिरकी असताना तिथं बसलेल्या माणसाला पण खाली म्हणजे फळीच्या काटकोनातच वाटतंय. ॲक्सेलरोमीटरला पण तसंच वाटतं, म्हणजे बोट कलंडलीय हेच त्याला मान्य नसतंय. लाट पटकन गेली तर गायरो सांभाळून घेतो पण लांब, संथ लाटांच्या उसळीत किंवा स्पीडबोट वळण घेताना क्षितिज हळूच वाकडं व्हायला लागतंय. ताशी ३६ किलोमीटरनं ५० मीटर त्रिज्येचा वळसा घेतला तर जिम्बलला खालची दिशा तब्बल ११ अंश वाकडी भासती. मग वळण संपल्यावर दहा-पंधरा सेकंद वाकडं क्षितिज, आणि आपण जिम्बलच्या नावानं खडे फोडतोय. बिचाऱ्याची चूक नाही.

हे घरीच बघायचं असंल तर बागेतल्या झोपाळ्यावर बसा. साखळी सव्वादोन मीटरची असंल तर झोका बरोबर ३ सेकंदाचा येतो. फोनमधलं बबल लेव्हलचं ॲप चालू करून फोन फळीवर घट्ट धरा आणि झोका घ्या, झोपाळा केवढा तिरका झाला तरी निव्वळ ॲक्सेलरोमीटरवर चालणारा बुडबुडा जवळपास मधेच बसून राहतो. मग तिथंच जिम्बल घेऊन बसा आणि पाच मिनिटं सलग शूट करून क्षितिज किती सरकतंय ते तपासा. कंपनाची परीक्षा केएमटीच्या जुन्या बसच्या मागच्या सीटवर होती, वेगळं काही करायला नको.

सेटिंगचं म्हणाल तर, जिम्बल चालू करायचं आणि कॅलिब्रेट करायचं ते हॉटेलच्या फरशीवर किंवा पक्क्या धक्क्यावर, हलत्या बोटीवर कधीच नाही, नाहीतर ते बोटीचं हलणंच शून्य धरून बसतंय. लॉक मोड (कॅमेऱ्याचं तोंड एकाच दिशेला धरणारा) वापरा. फॉलो (हात वळंल तसा कॅमेरा वळवणारा) चालंल पण त्याचा वेग सगळ्यात कमी ठेवा, नायतर बोटीच्या प्रत्येक यॉबरोबर कॅमेरा मागं मागं वळत राहतोय. एफपीव्ही मोड नको, त्यात रोल पण हाताबरोबर जातो, म्हणजे जिम्बल नसल्यासारखंच. वारा जोराचा असंल तर फोनची रुंद बाजू शिडासारखी वारा धरती आणि मोटर थकून थरथरायला लागती, तेव्हा वाऱ्याकडं पाठ करून अंगाच्या आडोशाला धरा. मोटरची ताकद सेटिंगमधनं थोडी वाढवता येती, पण जास्त वाढवली की गुणगुण सुरू होती, ती आवाजात पण येती.

कोणी कोणी जिम्बल नको म्हणून कॅमेऱ्याखाली वजन लटकवायचा जुगाड करतात. लोलक. जमिनीवर बरा वाटतो, बोटीवर बेकार. अर्ध्या मीटरच्या लोलकाचा झोका दीड सेकंदाच्या आतला, तो प्रत्येक लाटेच्या हिसक्याला साद देतो आणि सुरू झाला की थांबत नाही. वजन लावायचंच असंल तर स्टेडिकॅमच्या तत्त्वावर लावा, वर कॅमेरा, खाली जवळपास तेवढंच वजन, आणि पकड बरोबर मध्यावर, खालची बाजू अगदी किंचित जड. दांडा आडवा करून सोडला की सरळ व्हायला २-३ सेकंद लागले पाहिजेत. पटकन सरळ झाला तर खालचं वजन जास्त आहे.

इथं एक विषयांतर. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर, त्यांनी शंभर वर्षांपूर्वी याच कोल्हापुरात स्वतः कॅमेरा बनवला, खरी कॉर्नरला त्याची आठवण म्हणून कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, आणि आपण एक साधं ब्रॅकेट पण ऑनलाईन मागवतो. ट्रॉलरवर किंवा जहाजावर कायमचा कॅमेरा बसवायचा असंल तर शिवाजी उद्यमनगरात जा. लेथला, कॉम्प्रेसरला खाली जे रबराचे माउंट लावतात ना, तेच तत्त्व इथं लागतंय, फक्त निवडायचं कसं ते सांगतो.

रबरावर कॅमेरा ठेवला की किती मिलिमीटर दबतंय ते मोजा. अडीच मिलिमीटर दबलं तर त्या जोडणीची स्वतःची कंपनसंख्या १० हर्ट्झच्या आसपास येती. इंजिनचे ३० हर्ट्झ त्याच्या तिप्पट आहेत म्हणून कंपनाचा साधारण आठवा भागच वर पोचतो. पण रबर कडक असंल आणि नुसतं पाव मिलिमीटर दबलं तर ती संख्या ३० च्या पुढं जाती, मग रबर कंपन मारायच्या ऐवजी वाढवतंय, सरळ नटबोल्टनं बांधलेलं परवडलं. नियम असा की इंजिनची कंपनसंख्या माउंटच्या निदान दीडपट पाहिजे, तिप्पट असली तर मस्त. आता अडचण अशी की कॅमेरा असतोय दीडशे ग्रॅमचा, त्याच्या वजनानं रबर दबतच नाही. मग काय करायचं, खाली दोन किलोची एमएसची (साध्या लोखंडी स्टीलची) प्लेट कापून घ्यायची, कॅमेरा त्या प्लेटला घट्ट, आणि प्लेट चार मऊ माउंटवर. वजन वाढलं की रबर दबतंय. एवढ्या साध्या प्लेटनं जे काम होतं ते भारीतल्या क्लॅम्पनं होत नाही.

प्लेटला गॅल्व्हनाइझ करा नायतर इपॉक्सी रंग द्या. बोल्ट ३०४ स्टीलचा खाऱ्या हवेत तांबूस डाग धरतो, ३१६ मिळाला तर तो घ्या, आणि नट नायलॉकचा (आत नायलॉनची कडी असलेला), साधा नट कंपनानं सुटणारच. ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटला स्टीलचा बोल्ट थेट लावला तर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम पांढरं होऊन खाल्लं जातंय, मधे नायलॉनचा वॉशर टाका. कॅमेऱ्याला वेगळी एक स्टीलची सुरक्षा वायर बांधा. आणि हे सगळं फक्त कंपनासाठी बरं का, ६ सेकंदाच्या रोलला रबर काहीही करू शकत नाही. तिथं गायरोवाला मरीन कॅमेरा लागतो, त्यात डोकंच आतनं फिरत राहतंय, पण तो मालकाच्या पैशानं बसवायचा प्रकार आहे.

नुसतं बघायला, म्हणजे दुर्बीण म्हणून, कॅननच्या स्टॅबिलाइझ्ड दुर्बिणी मिळतात, त्या हाताची थरथर छान मारतात. जहाजावर मात्र फुजिननची टेक्नो-स्टॅबी जास्त चालती कारण ती कितीतरी जास्त अंशांचं हलणं सावरती. फोटो काढायचे असतील तर एवढं लागतच नाही, झोक्याच्या टोकाला बोट क्षणभर थांबती, तेव्हा बर्स्ट (एका दमात बरेच फोटो) दाबा, दहातले दोन-तीन कडक येतात.

ड्रोनवाल्यांसाठी एकच ओळ. बोटीवरनं उडवला तर परत येण्याचं ठिकाण म्हणून तो उडालेली जागा लक्षात ठेवतो आणि तोपर्यंत बोट पुढं गेलेली असती, रिटर्न दाबलं की ड्रोन शिस्तीत येऊन पाण्यात उतरतो.

घरी आल्यावरचं काम. जायरोफ्लो म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, ते कॅमेऱ्यानं व्हिडिओबरोबर साठवलेली गायरोची माहिती वाचून चित्र स्थिर करतंय. गोप्रो, इन्स्टा३६० आणि सोनीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांबरोबर चालतं. अट एकच, शूट करताना कॅमेऱ्यातलं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन बंद पाहिजे, नायतर एकदा सरकवलेलं चित्र परत सरकवलं जातंय. बरोबर लेन्सची प्रोफाइल निवडा, सिंक करा आणि होरायझन लॉक टिक करा. होरायझन वाकडं वाटलं तर तिथंच थोडा रोल देऊन सरळ करता येतं.

गायरोची माहिती नसंल, साध्या फोनचा व्हिडिओ असंल तर डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती वापरा. यात सॉफ्टवेअर चित्रातले ठिपके धरून हलणं ओळखतं, आणि समुद्रावर नेमकं तिथंच फसतंय, कारण लाटा स्वतः हलतायत आणि रेलिंग बोटीबरोबर हलतीय, ते बिचारं दोन्हीला धरून बसतंय. म्हणून ट्रॅकरमध्ये लाटांवरचे आणि बोटीवरचे ठिपके काढून टाका, फक्त क्षितिज, किनारा, किल्ल्याची भिंत, लांबचा डोंगर यावरचे ठेवा. शूट करतानाच चौकटीत किनाऱ्याचा तुकडा राहील असं बघितलं तर हे काम पाच मिनिटांचं होतंय, नुसतं पाणी आणि आभाळ असंल तर तासभर डोकं फुटणार.

एफएफएमपेग या कमांड लिहून चालवायच्या फुकट सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांसाठी, त्यातल्या विडस्टॅब या स्थिर करायच्या फिल्टरमध्ये स्मूदिंग ३० ठेवलं म्हणजे पुढच्या ३० आणि मागच्या ३० फ्रेमची सरासरी, ३० फ्रेमच्या व्हिडिओत २ सेकंद झाले. हाताची थरथर त्यात जाती पण ६ सेकंदाचा रोल तसाच्या तसा राहतो, आणि लोक म्हणतात सॉफ्टवेअर चालत नाही. आकडा १८० किंवा त्याच्या वर न्या, कडा जास्त कापल्या जातील, ते धरूनच चाला.

निघायच्या आधी हवामान बघताना नुसती लाटेची उंची बघू नका. हैदराबादच्या इन्कॉइसचा समुद्राचा अंदाज फुकट मिळतो, त्यात उंची आणि कालावधी दोन्ही असतात. दीड मीटरची लाट ६ सेकंदाची असंल तर तिची लांबी साधारण ५६ मीटर आणि उतार ५ अंशाच्या जवळ, तीच लाट १२ सेकंदाची असंल तर लांबी २२५ मीटर आणि उतार सव्वा अंश. उंची तीच, पण पहिल्यात हाल, दुसऱ्यात पाळणा. आणि अंदाजात दिलेली उंची ही मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असती, मधेच तिच्या दुप्पट पण येऊ शकती, तेव्हा तांडेल नको म्हणाला तर नको. पावसाळ्यात प्रवासी बोटी बंदच असतात आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी बोटींच्या मासेमारीलाही बंदी, त्यामुळं आपल्यासारख्यांना खवळलेला समुद्र मिळतो तो सप्टेंबरमधे, नायतर मार्च ते मे दुपारनंतर वारा उठल्यावर. स्थिर शॉट पाहिजे असंल तर सकाळी लवकरची पहिली बोट पकडा, हा सगळ्यात स्वस्त स्टॅबिलायझर.

आदल्या रात्री तांबडा-पांढरा चेपून घाट उतरू नका, तिथंच निम्मं काम होतंय. मळमळायची सवय असंल तर गोळी डॉक्टरला विचारून निघायच्या आधी घ्या, सुरू झाल्यावर उपयोग नाही. शूट करताना स्क्रीनकडं टक लावून बघू नका, चौकट ठरवायची आणि नजर क्षितिजावर ठेवायची.

लेन्सवर तुषार उडतातच. शर्टानं पुसलं तर मीठ काचेवर घासलं जातंय, आधी बाटलीतल्या गोड्या पाण्याचा शिडकावा, मग मायक्रोफायबर. असली दोन-तीन फडकी वेगवेगळ्या झिपच्या पिशवीत ठेवा, एक ओलं झालं की संपलं. फोनची स्क्रीन ओली झाली की टच चालत नाही, आवाजाच्या बटणानं रेकॉर्डिंग सुरू-बंद करायची सवय ठेवा. परत आल्यावर गोप्रोसारखा वॉटरप्रूफ कॅमेरा दारं घट्ट बंद असताना बादलीभर गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, नुसता नळाखाली धरून बटणातलं मीठ निघत नाही. जिम्बल मात्र बुडवायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसून मोटरच्या फटी मऊ ब्रशनं साफ करायच्या आणि पंख्याखाली वाळू द्यायचं. हे त्याच रात्री मालवणच्या खोलीवरच करा, कोल्हापुरात येऊन सोमवारी बघू म्हणाला तर तोवर मोटर करकरायला लागलेली असती.